मधला रकाना

२० जानेवारी २०१३, रविवार

आजपासून ही वही. पंडित सरांनी सांगितलं म्हणून लिहितोय. मला लिहिण्याची हौस कधीच नव्हती. दूध संस्थेत पंधरा वर्षं लिटर आणि फॅट लिहिले, तेवढंच माझं साहित्य.

सरांचा वर्ग बीडला, एसटी स्टँडच्या मागे एका शिकवणीच्या खोलीत, दर रविवारी दुपारी. सत्यभामेने मला जवळजवळ ढकलूनच पाठवलं. म्हणाली, "चार वर्षं झाली, तुमी कुणाच्या लग्नात जेवला न्हाईत. पंगत बसली की तुमचं पोट दुखतंय. एकदा जाऊन तरी बघा." बायको खोटं बोलत नाही. चार माणसं बसली असली तर मी उभा राहतो, आणि उभी असली तर मागे राहतो.

सर निवृत्त शिक्षक आहेत, अंगाने बारीक, आवाज मऊ. आधी वीस मिनिटं डोळे मिटून बसवलं. श्वास मोजायचे, एक ते दहा, परत एक ते दहा. बाहेरून काही ऐकू आलं तर मनात 'आवाज' एवढंच म्हणायचं आणि मोजणं चालू ठेवायचं. माझं तर तीनच्या पुढे जाईना. मग त्यांनी फळ्यावर तीन रकाने काढले. पहिल्यात मनात आलेला वाईट विचार, जसाच्या तसा. मधल्यात त्याचा पुरावा, बाजूचाही आणि विरुद्धचाही. शेवटच्यात निरोगी विचार. हे रोज करायचं.

माझी वही संस्थेतली, अरुंद. तीन रकाने आखून बघितले, अक्षर बसेना. म्हणून दोनच ठेवले. मोठी वही आणली की पुराव्याचा करू.

मनात आलं: माझा अंदाज कायम चुकतो.
निरोगी विचार: मी चारचौघांइतकाच बरा माणूस आहे.

लिहिताना हात अवघडला. पण लिहिलं.

२३ जानेवारी, बुधवार

सर म्हणाले होते, दुखणं कुठून सुरू झालं तेही एकदा लिहून काढा. लिहितो.

चार वर्षांपूर्वी संस्थेत सरकीच्या पेंडीची गाडी आली. पोतं उघडलं तर मला कुबट वास आला आणि बोटाला काळसर काहीतरी लागलं. मी म्हणालो, बुरशी आहे, जनावरं दगावतील, उतरवू नका. गाडी त्याच दिवशी परत गेली. पेंडवाला आमचे चेअरमन अर्जुनराव यांचा साडू. दोन दिवसांनी अर्जुनरावांनी नमुना बीडला तपासायला पाठवला, आणि आठवड्याने कागद आला की पेंड चांगली आहे. तोवर गावातलं दूध निम्म्यावर आलं होतं. वार्षिक सभेत त्यांनी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले, आणि त्यांच्या मागून अख्खी सभा हसली.

तेव्हापासून माझं नाव बुरशी. दूध घालायला आलेल्या बायासुद्धा माझ्या पाठीमागे म्हणतात, बुरशी आली का कुलूप उघडायला?

तेव्हापासून मला काही दिसलं, वास आला, शंका आली, तर मी आधी स्वतःवरच शंका घेतो. चहात माशी पडलेली दिसली तरी दुसऱ्याला विचारतो.

३ फेब्रुवारी, रविवार

आज बीडला गेलो नाही, कारण आज जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही.

संस्थेला जनावरांची छावणी मंजूर झाली. चौसाळ्याच्या अलीकडे माळावर, हायवेपासून आत. साडेतीनशे जनावरं आजच आली, अजून येतील. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, लोक कुठे बांधणार? अर्जुनरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, छावणीप्रमुख उत्तरेश्वर. मी मागे उभा होतो, लोकांनी वळून बघितलं.

"चारा उतरवून घ्यायचा का न्हाई, ते तुमी ठरवायचं," म्हणाले. "तुमच्या सहीशिवाय एक पेंढी आत येणार न्हाई. गडी तुमच्या शब्दाबाहेर जाणार न्हाईत."

सत्यभामेने विचारलं, "इतकी माणसं असताना तुमालाच कावून?" मला राग आला. म्हणालो, माझ्यात बदल झालाय तो दिसतो लोकांना. 

मनात आलं: अर्जुनरावांनी मलाच का निवडलं असेल?
निरोगी विचार: माझी योग्यता होती म्हणून.

९ फेब्रुवारी, शनिवार

छावणीच्या कडेला एक लिंबाचं झाड आहे. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला मी त्याच्याखाली वीस मिनिटं बसतो. आता दहापर्यंत मोजतो, न चुकता. जनावरं हंबरतात, टँकरवाला हॉर्न देतो, मी मनात 'आवाज' म्हणतो आणि पुढे जातो. उठल्यावर छाती हलकी असते. ज्याने कधी हे केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही.

परवा शहादेव, आमचा ट्रॅक्टरवाला, मी बसलेला असताना हातावर मळलेली तंबाखू घेऊन आला आणि बोलतच राहिला. अर्जुनरावांना कळलं तर त्यांनी झाडाभोवती सुंभाची दोरी बांधून घेतली. उत्तरेश्वर बसले की दोरीच्या आत कुणी यायचं नाही. मला संकोच वाटला, खरं सांगायचं तर आवडलंही.

पहिल्या दावणीत दगडाबाई असते. सत्तरीची बाई. मुलगा आणि सून ऊस तोडायला कोल्हापूरकडे गेलेत, पाडव्यानंतर येतील. तिच्याकडे एकच तांबडी गाय, गाभण, आठवा महिना. बाई छावणीतच राहते, गाईच्या पुढ्यात गोधडी टाकून. वैरण आली की एकेक कांडं हातात घेऊन बघते, चावून बघते, मग गाईपुढे टाकते. उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, चुन्याची निवळी शिंपडायची हेही तिनेच मला सांगितलं, नाहीतर नुसत्या वाढ्यांनी जनावराच्या हाडांतला चुना निघून जातो म्हणे. आज तिने तांबडीच्या कुशीला माझा हात लावून दिला. आत वासरू फिरलं. मी पटकन हात काढला, आणि मग परत लावला.

तिने मला एकदाही बुरशी म्हटलेलं नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

काल भाच्याच्या साखरपुड्यात पंगतीत बसून जेवलो. वरून जिलबी मागून घेतली. सत्यभामा वाढता वाढता थांबली आणि पदराने डोळे पुसून पुढे गेली. एवढं एक घडलं तरी या वहीचे कष्ट फिटले.

आज वर्गात सरांनी विचारलं, "पुराव्याचा रकाना सगळे भरताय ना? बाकी दोन सोपे असतात. खरं काम मधल्यात आहे. विचार वाईट आहे म्हणून तो खोटाच असतो असं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. इतक्या लोकांत मी एकटाच कसा सांगू की माझ्या वहीत तो रकानाच नाही? आणि त्याच्यावाचून माझं बरं चाललंय की.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

कडा गावाकडचा ऊस संपत आलाय. गाडी पूर्वी रोज यायची, आता दिवसाआड येते, तीही अर्धी. जनावरं पाचशेवर गेली. दुपारी दावणीतून फिरलं की सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळतात.

शहादेव आज बोलता बोलता म्हणाला, "तुला एक सांगू का? त्या पेंडीचा नमुना मीच नेलता बीडला. चेअरमनच्या घरून पिशवी घेतली आन् एसटीत बसलो. गाडी तर कवाच गेलती. मला तवाच वाटलं, ही पिशवी कुठली बे?"

मी म्हणालो, जुनं उगाळायचं नाही, आमचे सर म्हणतात, झालेल्या गोष्टी सोडून द्यायच्या. तो म्हणाला, "बरं बाबा, सोड." आणि तंबाखू मळत बसला.

सर नेमकं असं म्हणाले होते का, ते आता आठवत नाही. वर्गातलं कुणीतरी म्हणालं असेल. बोलणं चांगलं आहे, म्हणून ठेवलं.

२७ फेब्रुवारी, बुधवार

शहादेवची शेळी मेली. अर्जुनरावांच्या विहिरीखालच्या रानात घुसली होती. तिथे त्यांनी जानेवारीत कडवळ पेरलंय, हिरव्या वैरणीची ज्वारी. विहीर आटली तेव्हापासून ते गुडघ्याएवढं होऊन तसंच राहिलंय, पानं मुरडलेली, पण रंग गर्द हिरवा. या दिवसांत हिरवं काही दिसलं की माणसालासुद्धा तोंड घालावंसं वाटतं. शेळी बांधावर आडवी पडलेली सापडली, तोंडाला फेस. शहादेव म्हणाला, साप चावला असेल. दंश काही सापडला नाही. केसांत कुठे सापडणार?

मनात आलं: शेळी कडवळाने मेली.
निरोगी विचार: एका शेळीवरून डोंगर उभा करायची माझी जुनी खोड आहे. ती मी सोडली आहे.

४ मार्च, सोमवार

अर्जुनराव सकाळी जीप घेऊन आले. उसाची गाडी कालही नव्हती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उत्तरेश्वर, माझं कडवळ कापून देतो छावणीला. आता त्याला पाणी मिळणार न्हाई, जळून जाण्यापेक्षा मुक्या जनावरांच्या तोंडी लागू द्या. सगळीकडं वाळलेलं हाय, हिरवं कोण देतंय आज?"

दगडाबाई जवळच शेण गोळा करत होती. ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "मालक, ते पोटरीत बी आलं न्हाई. पाण्यावाचून खुरटलंय. असलं कडवळ खाल्लं की किराळ लागती, इख भिनतंय. उभं जनावर आडवं हुतंय. कणीस निसवल्याबिगर कुणी घालतंय का?"

अर्जुनराव हसले. तेच हसू, सभेतलं. मला म्हणाले, "तुमचे ते सर काय शिकवत्यात? निगेटिव्ह बोलायचं न्हाई, असंच ना? म्हातारीला बी न्या एकदा वर्गाला."

लोक हसले. आणि मीही हसलो. लोकांच्या बाजूने हसायची ही माझी कितीतरी वर्षांतली पहिली वेळ. बाई माझ्याकडे बघत राहिली, मग पाटी उचलून गेली.

संध्याकाळी बसलो तर श्वास चारच्या पुढे जाईना. बोटाला काळसर काहीतरी लागल्यासारखं सारखं वाटत होतं. धोतराला चारदा पुसलं.

मनात आलं: बाई खरं बोलते आहे.
निरोगी विचार: मागच्या वेळीही मला असंच वाटलं होतं. भीती म्हणजे फक्त विचार. तो येतो आणि जातो.

६ मार्च, बुधवार

कडवळ आलं. तीन ट्रॉल्या, गंजीच लागली. शहादेवने ट्रॉली उभी केली आणि विचारलं, "उतरवू ना? तू म्हण."

मी कडवळाचं एक ताट ओढून हातात घेतलं. बोटाएवढं जाड, पोंगा अजून मिटलेला. वास चांगला होता. वासावर काय ठरतंय? शहादेव वाट बघत होता. गडी वाट बघत होते. पाचशे जनावरं दोन दिवसांची अर्धपोटी, ट्रॉलीतला हिरवा वास आल्याबरोबर ओरडायला लागली.  मी तीन मोठे श्वास घेतले आणि म्हणालो, उतरवा. सही केली. सही सरळ आली, जरासुद्धा वाकडी नाही.

ठरलं असं, उद्या उसाची गाडी आली तर आधी वाढी द्यायची आणि कडवळ थोडं थोडं, वर. गाडी नाहीच आली तर सकाळी कडवळच टाकायचं.

सत्यभामेने जेवताना विचारलं, "काय झालंय तुमाला?" म्हणालो, काही नाही, मी आता निर्णय घेतो. ती म्हणाली, "निर्णय घेतल्यावर माणूस असा दिसतो का?"

७ मार्च, गुरुवार, सकाळी पावणेसहा

गाडी आली नाही. गड्यांना सांगितलं, दुसऱ्या दावणीपासून सुरू करा, मग पहिली. मी उठेपर्यंत कुणी काही विचारायला येऊ नका.

आज मन फार चळवळ करतंय. अशाच दिवशी बसणं महत्त्वाचं असतं. वीस मिनिटं बसून येतो, पुढचं उठल्यावर लिहीन.

९ मार्च, शनिवार

सतरा जनावरं मेली.

मी बसलो तेव्हा ओरडणं चालू होतं. मग ते थांबलं, म्हणजे वैरण पडली. मला बरं वाटलं. थोड्या वेळाने वेगळा आवाज यायला लागला, जड काहीतरी जमिनीवर टाकल्यासारखा, एकामागून एक. मी 'आवाज' म्हणालो. माणसं पळत होती. 'आवाज' म्हणालो. कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारत होतं. मी 'आवाज' म्हणालो आणि मोजत राहिलो. त्या दिवशी मोजणं एकदाही चुकलं नाही. इतकं शांत मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि हे लिहायची मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

वीस मिनिटं पूर्ण केली. डोळे उघडले.

दुसरी दावण आडवी होती. पाय ताणलेले, तोंडाला फेस, डोळे उघडे. काही जनावरं उभी होती, धापा टाकत झोकांड्या खात होती. गडी पहिल्या दावणीच्या शेवटी पोचले होते, हातात पाट्या घेऊन नुसते उभे. एक जण म्हणाला, "तुमी सांगितल्याबिगर थांबवायचं कसं?" मी ओरडलो, उचला, सगळं उचला. शहादेवने गुळाचं पाणी करून जेवढ्यांना पाजता आलं तेवढ्यांना पाजलं. डॉक्टर आले, दुपारपर्यंत सुया देत होते. बाकीची वाचली.

तांबडी पहिल्या दावणीत होती. ती दहाच्या सुमाराला गेली. पोट बराच वेळ हलत होतं. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली.

दगडाबाई तिच्या शिंगांना धरून बसली होती.  मी तिच्यासमोर उभा राहू शकलो नाही.

कालचा दिवस आठवत नाही. खड्डे खणत होते.

१० मार्च, रविवार

महाशिवरात्र असल्याने वर्ग नव्हता. सरांच्या घरी गेलो. त्यांनी उपवासाची भगर पुढे ठेवली, मी शिवलो नाही. वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "मधला रकाना कुठंय?"

म्हणालो, वही अरुंद होती.

त्यांनी पानं पुन्हा मागे उलटली. मला वाटत होतं त्यांनी रागवावं. शेवटी म्हणाले, "चूक माझीही आहे. तू मान हलवलीस आणि मी पुढच्याकडे बघितलं. तुझी वही तपासायला हवी होती. पण उत्तरेश्वर, मी तुला भीती घालवायला शिकवत नव्हतो. भीती खरी का खोटी, ते बघायला शिकवत होतो. तू मधली पायरी सोडून तिसरीवर बसलास." त्यांनी कपाटातून एक लांब वही काढून दिली. "घरी जाऊन पहिल्या विचारापासून पुन्हा भर."

एसटीत बसूनच सुरू केलं. तीन रकाने.

माझा अंदाज कायम चुकतो, हा पहिला विचार. पुरावा काय? एकच, ती पेंड. आणि पेंडीचा पुरावा काय? गाडी त्याच दिवशी परत गेली. नमुना दोन दिवसांनी गेला. पिशवी अर्जुनरावांच्या घरची. हे सगळं मीच माझ्या हाताने या वहीत लिहून ठेवलंय, आणि लिहिताना मला काही दिसलं नाही. पेंडीला बुरशी होती. चार वर्षं मी पंगतीतून उठत आलो, आणि पेंडीला बुरशी होती.

मग पुढचा विचार. अर्जुनरावांनी मलाच का निवडलं? मधल्या रकान्यात लिहिलं, स्वतःवर शंका घेणारा माणूस कशालाही सही करतो, आणि वही मिटली. चौसाळा आल्याचं कंडक्टरने सांगितलं तेव्हा कळलं.

१२ मार्च, मंगळवार

अर्जुनराव आज दुपारी घरी आले. सत्यभामेने चहा दिला, तो त्यांनी सगळा प्यायला. म्हणाले, उन्हाचा तडाखा आणि त्यात काहीतरी साथ, असं लिहून घेऊ. वैरण उसाचीच होती असं तुम्ही सांगायचं. उरलेली गंजी वाळवून ठेवू, पुढे लागेल. "आन् नमुन्याची काळजी करू नका. नमुना आपण पाठवू बीडला."

 पेंडीच्या वेळीही असाच नमुना गेला होता.

म्हणालो, नमुना मी देऊन आलोय. काल सकाळीच गंजीतल्या दोन पेंढ्या डॉक्टरांसमोर पोत्यात भरून शिवल्या, वर त्यांची सही घेतली, आणि स्वतः एसटीने नेऊन दिल्या. गंजीला आज दुपारी शहादेव काटेरी कुंपण घालतोय.

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग उठले, चपला घातल्या. दारातून म्हणाले, "सरांचा लई फायदा झाला तुमाला." आवाज अगदी प्रेमाचा होता. जीप गेल्यावर सत्यभामेने दाराला कडी लावली. भर दुपारी आमच्या घराला कधी कडी नसते.

१४ मार्च, गुरुवार

आज पंचनामा. नायब तहसीलदार, डॉक्टर, सगळं गाव. अर्जुनराव पुढच्या खुर्चीत. मला विचारलं, चारा कसला होता?

मी मागे उभा होतो. पुढे आलो. सांगितलं, कडवळ होतं, अर्जुनरावांच्या रानातलं, कोवळं आणि खुरटलेलं. किराळ लागेल हे दगडाबाईंनी चार तारखेलाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मला ते पटलं होतं. पटलेलं असून मी हसलो. उतरवून मी घेतलं, सही माझी आहे. उपाशीपोटी टाकायला मीच सांगितलं, आणि थांबवायची वेळ आली तेव्हा डोळे मिटून बसलो होतो. मग पेंडीच्या पिशवीचंही सांगितलं. शहादेव गर्दीतून म्हणाला, "पिशवी म्या नेलती. लिहून घ्या."

कुणी हसलं नाही. कुणी बरं केलंस असंही म्हणालं नाही. ज्यांची जनावरं गेली ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचं बघणं बरोबरच होतं. मला छावणीतून काढलं. माझ्यावर काय व्हायचं ते होईल. संध्याकाळी अर्जुनरावांची जीप दोनदा आमच्या घरावरून गेली, थांबली नाही.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी छावणीत माझी पिशवी आणायला गेलो. दगडाबाई अजून तिथेच, रिकाम्या दाव्यापाशी. मुलगा पाडव्यानंतर येणार, तोवर जाईल कुठे? तिच्यासमोर खाली बसलो. म्हणालो, मावशी, चुकलो.

ती दावं गुंडाळत होती. म्हणाली, "माझ्या गाईपुढं म्या काय पडू दिलं नसतं, बाबा. पर दुसऱ्या दावणीत बैल कोसळाया लागले. गडी ऐकंनात, तुझ्याबिगर थांबवीनात. म्हणून तिला सोडून तुझ्याकडं पळाले. तवर हितं पाटी वतली कुणीतरी. दोन दिसाची उपाशी गाय, ती थांबतीय का?"

विचारलं, मला हलवलं का नाही? दोरी ओलांडून यायचं, थोबाडीत मारायची.

"तू देवाला बसल्यावाणी बसलेला," ती म्हणाली. "बसलेल्या माणसाला हात लावू न्हाई. म्हणून दोरीपाशी उभी राहून हाकाच मारल्या."

घरी येऊन लांब वही उघडली.

मनात आलं: पहिल्याच हाकेला उठलो असतो तर तांबडी वाचली असती.
पुरावा: दगडाबाईंनी मला चार हाका मारल्या. श्वासांबरोबर मी त्या मोजल्या होत्या.
निरोगी विचार: